विंगवरचा खेळाडू आणि प्रभूचा दिवस

शास्त्रपाठ : मार्क २:२३-२८, रोमकरांस पत्र १४:५-८, मत्तय ५:४३-४८

तरुण संघाच्या सभेत वर्षातून एकदा तरी हा प्रश्न निघतोच. कोणाची स्पर्धापरीक्षा रविवारी येते, कोणाचा जिल्हा संघाचा सामना रविवारी सकाळी आठला असतो, कोणाची रेल्वेतली नोकरी अशी की महिन्यातले दोन रविवार गाडीतच जातात. "पाळकसाहेब, आम्ही काय करावे?" मग वडीलधाऱ्यांपैकी कोणीतरी उठतो आणि एरिक लिडल यांचे नाव घेतो. लिडल यांनी ऑलिंपिकमध्ये रविवारी धावण्यास नकार दिला, देवाने त्यांना दुसऱ्या शर्यतीत सुवर्णपदक दिले, तेव्हा तुम्हीही तसेच करा. येथे गोष्ट संपते आणि प्रश्न विचारणारा खाली बसतो.

मी स्वतः ही गोष्ट पुष्कळ वर्षे एवढीच सांगत आलो. एकदा एका मुलीला सांगितली. ती सरकारी इस्पितळात परिचारिका होती आणि तिची पाळी बरेचदा रविवारी सकाळी येई. तिने काही उत्तर दिले नाही. पण त्यानंतर ती संघात आली नाही. पुढे कित्येक वर्षांनी लिडल यांच्या चरित्राचा उरलेला भाग माझ्या वाचनात आला, आणि त्या मुलीला मी अर्धीच गोष्ट सांगितली होती हे कळले. पॅरिसमध्ये रविवारी न धावलेले हेच लिडल वीस वर्षांनी चीनमधल्या एका कैदी छावणीत रविवारी मुलांच्या हॉकीच्या सामन्याला पंच म्हणून उभे राहिले. ही दोन माणसे नव्हेत, एकच माणूस आहे. तो आधी बदलला की नाही, आणि बदलला तर काय बदलले, हे या पाठात पाहावयाचे आहे. त्यासाठी सुरुवात मात्र धावण्याच्या शर्यतीपासून न करता रग्बीपासून करावी लागेल.

लिडल यांना आपण धावपटू म्हणून ओळखतो. स्कॉटलंडने त्यांना आधी ओळखले ते रग्बीचा विंगर म्हणून. ज्यांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खेळाडू. चेंडू लांबट, अंड्याच्या घाटाचा. तो हातात घेऊन पळता येते, पण सोबत्याला द्यावयाचा झाल्यास पुढे फेकता येत नाही. आडवा किंवा मागेच द्यावा लागतो. प्रतिपक्षाच्या रेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला म्हणजे 'ट्राय' झाला. त्या काळी ट्रायला तीन गुण होते, आणि त्यानंतर लाथ मारून चेंडू दोन खांबांमधून पार केल्यास आणखी दोन. मध्यभागी आठ-आठ धिप्पाड गडी एकमेकांना रेटतात, तेथून चेंडू बाहेर येतो आणि हातोहात सरकत मैदानाच्या कडेकडे जातो. अगदी कडेला, रेषेला लागून जो उभा असतो तो विंगर. त्याचे काम धावणे.

ही जागा मोठी चमत्कारिक आहे. कधीकधी अर्धा सामना संपतो तरी चेंडू विंगरकडे फिरकत नाही. तो थंडीत आणि चिखलात उभा राहून दुसऱ्यांची झटापट पाहतो. मधल्या तीन-चार जणांपैकी एकाच्या हातून चेंडू सुटला की त्याची पाळी गेली. आणि आलाच, तर चार-पाच सेकंदांत सर्व काही ठरते. मग टाळ्या त्याला मिळतात. ज्यांनी चेंडू त्याच्यापर्यंत पोहोचवला ते खाली चिखलात पडलेले असतात. अशा जागी पुष्कळ खेळाडू गर्विष्ठ होतात. लिडल झाले नाहीत, असे त्यांच्याबरोबर खेळलेल्यांनी सांगून ठेवले आहे.

एरिक लिडल यांचा जन्म १६ जानेवारी १९०२ रोजी चीनमधील तिन्त्सिन, म्हणजे आजचे तियांजिन, येथे झाला. वडील जेम्स लिडल लंडन मिशनरी सोसायटीचे मिशनरी होते. बेळगावच्या वाचकांना या सोसायटीचे नाव नवीन नाही. १८२० पासून ते विसाव्या शतकाच्या आरंभी मेथॉडिस्टांकडे काम सोपवीपर्यंत तेथे याच सोसायटीचे मिशन होते. एरिक सहा वर्षांचा असताना त्याला व त्याचा थोरला भाऊ रॉब याला इंग्लंडमध्ये मिशनऱ्यांच्या मुलांसाठी असलेल्या शाळेत ठेवण्यात आले आणि आईवडील चीनला परतले. त्या काळच्या मिशनरी घराण्यांत ही रीतच होती. रीत असली तरी सहा वर्षांच्या मुलाला ती कशी वाटली असेल याचा विचार आपण फारसा करीत नाही. पुढे एल्थम येथील याच शाळेत तो क्रिकेटच्या आणि रग्बीच्याही संघाचा कप्तान झाला. १९२० मध्ये विज्ञान शिकण्यासाठी तो एडिंबरो विद्यापीठात दाखल झाला.

स्कॉटलंडकडून लिडल यांचा पहिला सामना २ जानेवारी १९२२ रोजी झाला. वीस वर्षे पूर्ण व्हावयास अजून दोन आठवडे होते. पॅरिसजवळच्या कोलोंब या गावातील मैदानावर फ्रान्सविरुद्ध ३-३ अशी बरोबरी झाली. (या मैदानाचे नाव लक्षात ठेवा.) त्याच वर्षी वेल्सशी ९-९ बरोबरी आणि आयर्लंडवर ६-३ असा विजय मिळाला, आयर्लंडविरुद्ध लिडल यांनी आपला पहिला ट्राय केला. १९२३ च्या हंगामात फ्रान्सला १६-३, वेल्सला ११-८ आणि आयर्लंडला १३-३ असे हरवले, आणि या तिन्ही सामन्यांत लिडल यांचा एकेक ट्राय होता. वेल्सविरुद्धचा कार्डिफचा सामना तर अजूनही लोक आठवतात. शेवटच्या क्षणी ग्रेसी यांनी ट्राय करून तो जिंकून दिला आणि वेल्सच्याच प्रेक्षकांनी ग्रेसी यांना खांद्यावर उचलून मैदानाबाहेर नेले. आपल्या गावावर मात करून गेलेल्या खेळाडूला खांद्यावर घेणारे प्रेक्षक आज कोठे पाहायला मिळतात?

शेवटचा सामना १७ मार्च १९२३ रोजी एडिंबरोला इन्व्हरलीथच्या मैदानावर इंग्लंडशी झाला. तो ज्या करंडकासाठी होता त्याचे नाव 'कलकत्ता कप'. याचा आपल्या देशाशी खरोखरच संबंध आहे. कलकत्त्यातील इंग्रजांचा रग्बी क्लब १८७८ मध्ये बंद पडला, तेव्हा बँकेतले शिल्लक चांदीचे २७० रुपये वितळवून त्याचा करंडक घडवला गेला. त्याचे कान नागांच्या आकाराचे आहेत आणि झाकणावर हत्ती आहे. इंग्लंड आणि स्कॉटलंड १८७९ पासून त्यासाठी खेळत आले आहेत. त्या दिवशी स्कॉटलंड ६-८ असे हरले. लिडल पुन्हा देशाच्या संघातून रग्बी खेळले नाहीत. दोन हंगाम, सात सामने, चार ट्राय, एवढीच ही कारकीर्द. पण तेवढ्यात त्यांचे नाव स्कॉटलंडच्या घराघरांत गेले होते.

या सात सामन्यांतला एकही रविवारी नव्हता. त्या देशात रविवारी सामना ठेवण्याचे कोणाच्या मनातही येत नसे. म्हणजे रग्बीने लिडल यांना तो प्रश्न कधी विचारलाच नाही. आपल्यातल्या पुष्कळांचे असेच असते. चाळीस-चाळीस वर्षे रविवार पाळला याचे श्रेय आपण आपल्या निष्ठेला देतो, आणि ते खरे तर सुट्टीच्या वेळापत्रकाचे असते.

इंग्लंडशी झालेल्या सामन्यानंतर तीन आठवड्यांच्या आतच, ६ एप्रिल १९२३ रोजी, लिडल प्रथमच लोकांपुढे आपल्या विश्वासाविषयी बोलले. डी. पी. थॉमसन नावाचे एक तरुण सुवार्तिक आर्माडेल या खाणकामगारांच्या गावात सभा घेत होते. बायका येत, मुले येत. पुरुष काही केल्या येईनात. थॉमसन यांनी विचार केला की रग्बीचा खेळाडू आणला तर हे लोक येतील, आणि ते एडिंबरोला जाऊन लिडल यांना भेटले. लिडल बुजरे होते. क्षणभर थांबून ते हो म्हणाले. सभेत त्यांनी आवाज चढवला नाही, गोष्टी रंगवल्या नाहीत. देव आपल्याला कसा भेटला ते शेजाऱ्याशी बोलावे तसे सांगितले. विंगरच्या नावाचा उपयोग झाला तो असा.

पुढच्या वर्षी ऑलिंपिक असल्याने त्यांनी रग्बी सोडून सारे लक्ष धावण्यावर दिले. टॉम मॅकर्चर हे त्यांचे शिक्षक. जुलै १९२३ मध्ये लंडनला त्यांनी शंभर यार्ड ९.७ सेकंदांत पार केले, आणि हा ब्रिटिश विक्रम पस्तीस वर्षे टिकला. धावण्याची त्यांची ढब मात्र कोणत्याही शिक्षकाला आवडणारी नव्हती. मान मागे टाकलेली, तोंड आकाशाकडे, हात पवनचक्कीसारखे फिरणारे. शर्यतीपूर्वी ते प्रत्येक प्रतिस्पर्ध्याशी हस्तांदोलन करीत. त्या काळी पायांसाठी मातीत खळगे खणावे लागत. लिडल आपले खुरपे दुसऱ्यांना देत.

आता पॅरिस. चित्रपटात दाखवले आहे की बोटीवर चढताना त्यांना कळले की शंभर मीटरची प्राथमिक फेरी रविवारी आहे. 'चॅरियट्स ऑफ फायर' हा १९८१ चा तो चित्रपट चांगला आहे, आमच्याकडे मंडळीच्या सभागृहात पडदा लावून दाखवलाही गेला. पण ही गोष्ट तशी घडली नाही. वेळापत्रक त्यांना कित्येक महिने आधी ठाऊक होते. निर्णय त्यांनी शांतपणे, घाई नसताना घेतला आणि तयारी दोनशे व चारशे मीटरकडे वळवली. रविवार ६ जुलै १९२४ रोजी प्राथमिक फेऱ्या चालू असताना ते पॅरिसमधल्या स्कॉटिश मंडळीच्या उपासनेत होते. शंभर मीटरचे सुवर्णपदक दुसऱ्या दिवशी हॅरल्ड अब्राहम्स यांनी जिंकले. दोनशे मीटरमध्ये लिडल तिसरे आले. आणि शुक्रवार ११ जुलै रोजी सर्वांत बाहेरच्या पट्ट्यातून चारशे मीटर ४७.६ सेकंदांत धावून त्यांनी सुवर्णपदक मिळवले. हा ऑलिंपिक विक्रम होता. मैदान कोणते? कोलोंब. दोन वर्षांपूर्वी विंगर म्हणून पहिल्यांदा ज्या मैदानावर ते उतरले होते तेच.

त्या सकाळी संघाचे मालिश करणारे गृहस्थ त्यांना एक चिठ्ठी देऊन गेले होते. तिच्यात १ शमुवेल २:३० मधील वचनाचा आधार होता; जो देवाचा मान राखतो त्याचा मान देव राखतो, असा त्याचा आशय. येथेच आपण वडीलधारी मंडळी घसरतो. त्या चिठ्ठीला आपण हुंडी समजतो. रविवार पाळा, सोमवारी फळ घ्या. पण हिशेब नीट मांडून पाहा. शंभर मीटर तर गेलीच. शिवाय दोन्ही सांघिक शर्यतींच्या अंतिम फेऱ्याही रविवारी १३ जुलैला होत्या. त्यांत ब्रिटनला लिडल यांच्याविना एक रौप्य आणि एक कांस्य मिळाले. ते असते तर कदाचित अधिक मिळाले असते, हे त्यांच्या सोबत्यांनाही दिसत असणार. आणि पुढचे आयुष्य पाहा : एक्केचाळीसाव्या वर्षी कैद, त्रेचाळीसाव्या वर्षी मृत्यू, धाकट्या मुलीचे तोंड कधी पाहायला मिळाले नाही. हुंडीच होती असे म्हणाल तर ती वटली नाही. लिडल यांनी स्वतः कधी असा व्यवहार केला नव्हता. चारशे मीटर आपण जिंकू याची त्यांना खात्री नव्हती, जिंकले नसते तरी त्यांचा निर्णय तोच राहिला असता. म्हणून तो निर्णय मोलाचा आहे. पदकामुळे नव्हे.

आणखी एक गोष्ट. संघातल्या दुसऱ्या कोणी रविवारी धावू नये असे त्यांनी म्हटल्याचे कोठे आढळत नाही. पौलाने रोमकरांस लिहिताना दिवस पाळणारा आणि सर्व दिवस सारखे मानणारा या दोघांनाही एकाच प्रभूपुढे उभे केले आहे. चौदावा अध्याय सावकाश वाचा.

पॅरिसहून परतल्यावर आठवड्याभरात त्यांना पदवी मिळाली. पदवीदानाच्या वेळी विद्यापीठाचे प्रमुख विनोदाने म्हणाले की या माणसाला परीक्षकांखेरीज कोणी 'पास' करू शकलेले नाही, आणि विद्यार्थ्यांनी त्यांना खुर्चीत बसवून खांद्यावरून मिरवले. एक वर्ष धर्मशास्त्राचा अभ्यास करून १९२५ मध्ये ते चीनला गेले. तिन्त्सिनच्या अँग्लो-चायनीज कॉलेजात विज्ञान शिकवणे आणि मुलांना खेळवणे हे त्यांचे काम. १९३२ मध्ये त्यांना दीक्षा मिळाली, १९३४ मध्ये कॅनडियन मिशनऱ्यांची कन्या फ्लॉरेन्स मॅकेन्झी यांच्याशी विवाह झाला. १९३७ च्या अखेरीस सोसायटीच्या इच्छेवरून ते श्याओचांग या खेड्यातल्या केंद्रात गेले. तेथे भाऊ रॉब डॉक्टर होते. जपानी सैन्य आणि चिनी फौजा यांच्या कात्रीत सापडलेला तो मुलूख. एकदा रस्त्यात त्यांना मानेवर तलवारीचा वार झालेला मनुष्य मरणोन्मुख पडलेला आढळला. आधीच एक जखमी गाडीवर होता. दोघांना घेऊन ते इस्पितळात पोहोचले. तलवारीचा वार झालेला मनुष्य चित्रकार होता; तो वाचला आणि त्याने लिडल यांना फुलांचे चित्र काढून दिले. हे त्यांचे खरे सामने, पण प्रेक्षकांवाचून झालेले.

या साऱ्या वर्षांत डोंगरावरील प्रवचन हा त्यांचा कायमचा अभ्यास होता. आपल्या देशात आयुष्य वेचलेले ई. स्टॅन्ली जोन्स यांचे त्या प्रवचनावरचे पुस्तक त्यांच्या विशेष आवडीचे होते. १९४१ मध्ये धोका वाढल्यावर त्यांनी पत्नीला व दोन मुलींना कॅनडाला पाठवले. तिसरी मुलगी तेथे जन्मली.

मार्च १९४३ मध्ये जपान्यांनी त्यांना शांतुंग प्रांतातील वेइश्येन येथील छावणीत नेले. हे पूर्वी अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे आवार होते. सुमारे दीड हजार माणसे त्यात कोंडलेली : व्यापारी, प्राध्यापक, धर्मगुरू, बायका, आणि चेफूच्या मिशन शाळेतली आईबापांपासून दुरावलेली मुले. स्वतः सहाव्या वर्षी आईबापांपासून दूर राहिलेल्या माणसाला या मुलांची स्थिती कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. लिडल मुलांचे 'अंकल एरिक' झाले. ते त्यांना विज्ञान शिकवीत. उपकरणे नव्हती म्हणून ती आठवणीतून कागदावर काढून दाखवीत. म्हाताऱ्यांचे पाणी भरीत. हॉकीच्या काठ्या मोडत, तेव्हा चादरी फाडून त्यांच्या पट्ट्यांनी काठ्या बांधून देत.

छावणीतले ख्रिस्ती जीवन आपण समजतो तितके उजळ नव्हते. लँग्डन गिल्की हे तरुण अमेरिकन शिक्षक तेथे जागावाटपाच्या समितीवर होते. त्यांनी १९६६ मध्ये त्या दिवसांवर पुस्तक लिहिले. खाटेपुरत्या जागेसाठी, रेड क्रॉसच्या पेट्यांसाठी धार्मिक माणसेही कशी भांडली, आपल्या स्वार्थाला तत्त्वाचे नाव कसे देत, हे त्यांनी निर्दयपणे नोंदवले आहे. मिशनऱ्यांनाही त्यांनी सोडलेले नाही. त्याच गिल्कींनी लिडल यांच्याविषयी लिहिले की संत म्हणावा असा माणूस भेटणे दुर्मीळ, पण हा त्याच्या अगदी जवळ पोहोचलेला होता. कडक परीक्षकाने दिलेले हे गुण आहेत.

आता त्या रविवारकडे येऊ. छावणीत रविवारी खेळ ठेवू नयेत असे ठरले होते आणि लिडल यांचेही मत तेच होते. मोठी मुले कंटाळली. सहा दिवस काम आणि रांगा, सातव्या दिवशी भिंतीकडे पाहत बसणे. त्यांनी कोणाला न विचारता रविवारी मुलगे विरुद्ध मुली असा हॉकीचा सामना ठरवला. पंच नव्हता. सामन्याचे भांडण झाले, भांडणाची मारामारी. पुढच्या रविवारी मुले मैदानावर आली, तेव्हा लिडल तेथे उभे होते. त्यांनी पंचाचे काम केले.

त्यांनी भाषण केले नाही. मत बदलल्याचे जाहीर केले नाही. काहींना ही माघार वाटते. मला तसे वाटत नाही, आणि का ते सांगतो. मार्काच्या दुसऱ्या अध्यायात शिष्य भुकेने कणसे मोडतात आणि परूशी नियम दाखवतात. प्रभू नियम रद्द करीत नाही. तो दिवस कोणाच्या भल्यासाठी नेमला होता ते विचारतो. पॅरिसमध्ये लिडल यांच्याकडून जे मागितले जात होते ते त्यांच्या स्वतःच्या कीर्तीसाठी होते. तेथे त्यांनी स्वतःचे पदक सोडले. वेइश्येनमध्ये गरज मुलांची होती, आणि तेथे त्यांनी आपली जन्मभर जपलेली सवय सोडली. दोन्ही वेळा किंमत त्यांनी आपल्या खिशातून भरली. मुलांच्या रविवारातून आपला रविवार पवित्र ठेवणे त्यांना जमले असते, फारसे कठीणही नव्हते. घरात बसून प्रार्थना करायची आणि बाहेरच्या मारामारीबद्दल मुलांना दोष द्यायचा. आपण मंडळीत हेच पुष्कळदा करतो.

म्हणून तरुण संघात आता हा पाठ घेताना मी उत्तर देत नाही, मुलांनाच विचारतो. या रविवारी तू 'नाही' म्हणालास तर त्याची किंमत कोण भरणार आहे? तू, की तुझ्या वाट्याचे काम करणारा दुसरा कोणी? आणि 'हो' म्हणालास तर ते कोणासाठी? परीक्षेला बसणारा, सामना खेळणारा आणि इस्पितळात पाळीवर जाणारी या तिघांची उत्तरे सारखी येणार नाहीत. सामना खेळणाऱ्याने कदाचित 'नाही' म्हणावे लागेल आणि संघातली जागा गमवावी लागेल. ती गोष्ट लहान नाही, कोणी तिला लहान म्हणू नये. त्या परिचारिकेला मात्र मी आज वेगळे काही सांगितले असते. लिडल यांचे नाव घेऊनच सांगितले असते.

लिडल यांना १९४५ च्या आरंभापासून डोकेदुखी सुरू झाली. मेंदूत गाठ होती, पण छावणीत ती कळण्याचा मार्ग नव्हता. अतिश्रमाने मन थकले असावे असे सर्वांना, त्यांना स्वतःलाही, वाटले. २१ फेब्रुवारी १९४५ रोजी त्यांनी पत्नीला पत्र लिहिले आणि त्याच रात्री त्यांचे देहावसान झाले. शेवटी ते ॲनी बकन या नर्सशी संपूर्ण समर्पणाविषयी बोलले. कबरेवर लाकडी क्रूस लावला आणि बुटांच्या पॉलिशने त्यावर नाव लिहिले. सहा महिन्यांनी, १७ ऑगस्टला, छावणी मुक्त झाली. फ्लॉरेन्स यांना बातमी मे महिन्यात कळली.

वेइश्येनचे आजचे नाव वेइफांग. तेथे १९९१ मध्ये एडिंबरो विद्यापीठाने स्कॉटलंडच्या मल बेटावरच्या ग्रॅनाइटची शिळा उभारली. २००२ मध्ये स्कॉटिश क्रीडावीरांचे दालन सुरू झाले तेव्हा पहिल्या मानकऱ्यांत लिडल होते. आणि कोलोंबचे ते मैदान? २०२४ मध्ये, बरोबर शंभर वर्षांनी, पॅरिसला पुन्हा ऑलिंपिक भरले, तेव्हा तेथे हॉकीचे सामने झाले आणि आपल्या भारतीय संघाने त्याच मैदानावर कांस्यपदक जिंकले.

पण वारशाची गोष्ट निघाली की मला एक बुटांचा जोड आठवतो. चेफू शाळेतला स्टीफन मेटकाफ हा मुलगा छावणीत खेळांच्या वेळी लिडल यांना मदत करी. लिडल मत्तयाच्या पाचव्या अध्यायावर मुलांशी बोलत आणि शत्रूंसाठी प्रार्थना करा हे वचन पहारेकरी जपान्यांना लागू पडते की नाही, असे विचारीत. बहुतेकांना ते अशक्य वाटे. आपण स्वतः त्या पहारेकऱ्यांसाठी प्रार्थना करू लागलो आहोत, असे लिडल यांनी मुलांना सांगितले. मेटकाफही करू लागला. त्या हिवाळ्यात त्याचे बूट फाटले होते. मृत्यूच्या सुमारे तीन आठवडे आधी लिडल त्याच्याकडे आले आणि आपले धावण्याचे जुने, शिवून शिवून टिकवलेले बूट त्यांनी त्याला दिले. लिडल यांची शवपेटी वाहणाऱ्यांत हा मुलगा होता. १९५२ मध्ये तो मिशनरी म्हणून जपानला गेला.